चार अक्षरं गळाली आणि उंदीर तगला: सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रतिक्रियेमागच्या एका जनुकाचं प्रकरण

शिरेवाटे सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की प्रयोगशाळेतला साधा उंदीर काही मिनिटांतच गार पडू लागतो. दुसऱ्या एका उंदराला त्याच औषधाची तीच मात्रा दिली, तर त्याचं तापमान फारसं हलत नाही. दोघांत फरक आहे तो एका जनुकाचा. दुसऱ्या उंदराच्या त्या जनुकातून डीएनएची ४ अक्षरं काढून टाकलेली आहेत.

गार पडणं म्हणजे काय, ते आधी सांगते. माणसाला औषधाची तीव्र प्रतिक्रिया आली की अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. उंदराच्या केसाळ कातडीवर गांधी दिसणार कशा? पण आत घडतं तेच. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं, रक्ताचा दाब उतरतो, आणि वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या त्या जिवाला अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. म्हणून उंदरातल्या अशा प्रतिक्रियेची तीव्रता मोजायला संशोधक थर्मामीटर वापरतात.

मार्च २०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापून आलेलं हे काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं. प्रयोगशाळा शिनझोंग डोंग यांची, आणि शोधनिबंधावरचं पहिलं नाव बेंजामिन मॅकनील यांचं. मी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवते. प्रतिजैविकांच्या प्रतिक्रियांचा धडा आला की मी गेली काही वर्षं हेच एक प्रकरण घेऊन बसते, कारण आपण ‘अ‍ॅलर्जी’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, ते यातून लख्ख दिसतं.

पहिल्याच डोसचं कोडं

वर्गात विचारलं, “इंजेक्शननंतर पाच मिनिटांत अंगभर गांधी, धाप, रक्तदाब खाली. कारण?” की मागच्या बाकापर्यंत एकच उत्तर येतं: आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीतली प्रतिपिंडं. मग मी विचारते, “आणि रुग्णाने हे औषध जन्मात पहिल्यांदाच घेतलं असेल तर?” तिथे वर्ग गप्प होतो.

गप्प होणं बरोबर आहे. आयजीईच्या वाटेने येणाऱ्या वावड्याला आधीची ओळख लागते. पेनिसिलिनचं उदाहरण घ्या. त्याची बीटा-लॅक्टम कडी उघडते आणि आपल्याच प्रथिनांमधल्या लायसिन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटते. असं औषध चिकटलेलं प्रथिन शरीराला परकं वाटतं. मग दिवस-आठवडे घालवून शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं घडवतं, आणि ती मास्ट पेशी नावाच्या, कणिकांनी भरलेल्या राखणदार पेशींच्या अंगावर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला पेनिसिलिन आलं की ही प्रतिपिंडं त्याला धरतात, मास्ट पेशी फुलते आणि आपल्या कणिकांमधलं हिस्टामिन ओतून मोकळी होते. हा पुढच्या खेपेचा आजार आहे.

या वाटेवरही जनुकांचा हात असतो, आणि तो उंदरांतच दिसला. १९७० मध्ये बर्नार्ड लेव्हिन आणि नेल्सन वाझ यांनी पेनिसिलिनपासून बनलेला तुकडा गायीच्या रक्तातल्या एका प्रथिनाला जोडला आणि वेगवेगळ्या शुद्ध वाणांच्या उंदरांना अगदी सूक्ष्म मात्रेत पुन्हापुन्हा टोचला. काही वाणांनी भरपूर प्रतिपिंडं बनवली, काहींनी जेमतेम. हा फरक उंदरांच्या एच-२ गटाशी जुळत होता. एच-२ म्हणजे परकं प्रथिन टी-पेशींसमोर मांडून दाखवणाऱ्या रेणूंची जनुकं. माणसातली एचएलए जनुकं त्यांचीच भावंडं. मात्रा भरपूर वाढवली की वाणावाणांतला हा फरक बोथट होत जाई. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. जनुक आणि मात्रा यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, हे तेव्हाच पुढे आलं होतं.

सिप्रोफ्लॉक्सासिनचं मात्र या चौकटीत पुरतं बसेना. १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पुढे ते जगभर इतकं वापरलं गेलं की आपल्याकडे तर ‘सिप्रो’ हा शब्द औषधाच्या दुकानापासून चाळीच्या जिन्यापर्यंत पोचला. त्याच्या माहितीपत्रकात गंभीर, क्वचित जीवघेण्या प्रतिक्रियांचा इशारा आहे, आणि त्यातल्या काही पहिल्या डोसनंतरच आल्याची नोंदही आहे. आता पहिल्या डोसला प्रतिपिंडं येणार कुठून? पूर्वी याच कुळातलं दुसरं औषध नकळत पोटात गेलं असेल, असं म्हणून काही रुग्णांचा उलगडा होतो. सगळ्यांचा होत नाही.

दुसऱ्या बाजूने, क्विनोलोनविरुद्ध, म्हणजे सिप्रोच्या कुळातल्या औषधांविरुद्ध, खरीखुरी आयजीई असलेले रुग्णही आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्विनोलोनची तत्काळ प्रतिक्रिया आलेल्या ५५ रुग्णांपैकी ३० जणांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे एका मोठ्या गटाचा उलगडा आयजीईने होत होता, आणि उरलेला गटही काही लहान नव्हता.

४८/८० नावाचं जुनं रसायन

मास्ट पेशी हे नाव पाउल एर्लिख यांनी दिलं, १८७८ च्या त्यांच्या प्रबंधात. रंग दिल्यावर कणिकांनी गच्च भरलेली दिसणारी ही पेशी त्यांना खाऊन-पिऊन तट्ट झाल्यासारखी वाटली, आणि जर्मन भाषेत ‘मास्ट’चा अर्थ तसाच आहे. त्वचेत, श्वासमार्गात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, जिथे जिथे बाहेरचं जग शरीराला भिडतं तिथे तिथे ती राखण करत बसलेली असते.

या पेशीला आयजीईशिवायही फोडता येतं, हे औषधशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होतं. ‘संयुग ४८/८०’ नावाचं एक रसायन त्यासाठी प्रयोगशाळेत सर्रास वापरलं जाई. मॉर्फिन, भूल देताना स्नायू सैल करणारं ट्यूबोक्युरारिन, व्हॅन्कोमायसिन ही औषधंही तेच करतात. व्हॅन्कोमायसिन भरभर सोडलं की रुग्णाचा चेहरा, मान आणि छाती लालबुंद होते. म्हणून ते निदान तासाभरात, मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही, असं सावकाश द्यायची शिस्त आहे. ही शिस्त पाळणाऱ्या प्रत्येक सिस्टरला मास्ट पेशीचा हा स्वभाव अनुभवाने माहीत असतो.

पण कसं होतं हे? बरीच वर्षं चलतीत असलेला अंदाज असा, की हे धनभारित रेणू पेशीच्या आवरणातून आत घुसतात आणि आतल्या, संदेश पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाला थेट हात घालतात. दार न उघडता घरात शिरल्यासारखं. तसं असेल तर यात जनुकांना फारसं काम नाही. सगळा खेळ रसायनाचा आणि मात्रेचा. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी मानवी मास्ट पेशींवर एक ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं आवरणावरचं प्रथिन, दाखवला, एमआरजीपीआर-एक्स२ नावाचा, जो अशा धनभारित पदार्थांनी जागा होतो. यापुढे मी त्याला नुसतं एक्स२ म्हणते. म्हणजे दार होतं तर. पण बशीतल्या पेशींनी दिलेली साक्ष जित्या शरीराला लागू पडतेच असं नाही. त्यासाठी प्राणी हवा, आणि त्या प्राण्यातून तेवढं एकच दार काढून टाकायला हवं.

उंदराचं दार कोणतं?

इथे काम अडलं. माणसात या ग्राहीच्या उपकुळात ४ जनुकं आहेत, अकराव्या गुणसूत्रावर, एकमेकांना लागून. उंदरात तोच जनुकांचा वाडा सातव्या गुणसूत्रावर आहे, पण तिथे भाऊबंदकी माजलेली. वीसहून अधिक जनुकं, त्यांतली बरीच एकमेकांसारखी, आणि माणसाच्या एक्स२ शी सगळ्यांचं साम्य कमी-अधिक सारखंच. नुसता अक्षरक्रम जुळवून ‘हाच तो’ असं बोट ठेवता येईना.

डोंग यांना हे कुळ अनोळखी नव्हतं. २००१ मध्ये कॅलटेकमध्ये असताना ज्या चमूने या कुळातले ग्राही वेदना जाणणाऱ्या चेतापेशींमध्ये शोधले, त्यात ते स्वतः होते. पुढे बरीच वर्षं हे ग्राही म्हणजे मुख्यतः खाज आणि वेदनेचा विषय मानला जाई. बाल्टिमोरच्या चमूने आता वेगळा प्रश्न विचारला: कुळातले इतके जण आहेत, पण त्यांतला मास्ट पेशीत खरोखर वापरात आहे तो कोण? उंदराच्या मास्ट पेशींमधला आरएनए काटेकोरपणे तपासल्यावर एकच पट्टी उमटली, एमआरजीपीआर-बी२ ची. पुढे याला बी२ म्हणू. ते जनुक जिथे चालू असेल तिथे चमकणारं प्रथिन बनेल अशी योजना करून पाहिलं, तर त्वचेसारख्या संयोजी ऊतींतल्या मास्ट पेशी चमकल्या. आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट पेशींत मात्र ते नव्हतं. मग हा ग्राही दुसऱ्या साध्या पेशींमध्ये बसवला आणि संयुग ४८/८० घातलं. त्या पेशींनी प्रतिसाद दिला.

चेहरेपट्टी पाहून नातं लावण्याऐवजी कोण कुठल्या घरात कामाला आहे ते पाहायचं, ही त्यांची युक्ती होती. मला ती फार आवडते.

चार अक्षरं

आता जनुक बंद करायचं. उंदरातलं जनुक मोडायची त्या काळची रुळलेली रीत म्हणजे शेजारच्या क्रमाशी जुळणारा डीएनएचा तुकडा घालून अदलाबदल घडवणं. पण या वाड्यात एकसारखे क्रम इतके पुन्हापुन्हा येतात, की घातलेला तुकडा नेमका कुठे जाऊन बसेल याची खात्री नव्हती. म्हणून चमूने झिंक-फिंगर न्यूक्लिएज वापरलं. हे ठरावीक क्रम ओळखून तिथेच डीएनए कापणारं, घडवून घेतलेलं प्रथिन. कापलेली जागा पेशी स्वतःच सांधते, आणि सांधताना कधी काही अक्षरं गळतात. इथे ४ गळाली.

चारच अक्षरांनी काय होतं, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर असं दाखवते. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. समजा वाक्य आहे ‘कमळ नजर गवत मगर सरळ’. यातून तीन अक्षरं काढली, म्हणजे ‘नजर’ गेली, तरी बाकीचं नीट राहतं: कमळ, गवत, मगर, सरळ. पण चार काढा, ‘नजर’ आणि पुढचा ‘ग’. आता वाचा: कमळ, वतम, गरस, रळ. त्या जागेपासून पुढचं सगळं निरर्थक. बी२ चंही असंच झालं. ग्राही पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेला असतो; या उंदरांत तो पहिल्या ओवणीनंतर लवकरच तुटतो. म्हणजे दार बंद नव्हे, दार बनलंच नाही.

कसोट्या

या प्रकरणाचं खरं बळ कसोट्यांमध्ये आहे, आणि वर्गात मी सर्वात जास्त वेळ इथेच काढते.

पहिली शंका अशी: जनुक मोडल्याने मास्ट पेशीच कमी झाल्या असतील तर? मग प्रतिक्रिया न येण्यात नवल ते काय? मोजल्या. संख्या साध्या उंदरांइतकीच निघाली.

दुसरी शंका अधिक बिकट. पेशी आहेत, पण अधू झाल्या असतील तर? कणिका फोडायची यंत्रणाच मोडली असेल तर? म्हणून त्याच पेशींना आयजीईच्या वाटेने डिवचून पाहिलं. त्या नेहमीसारख्या फुलल्या. त्याच पेशींवर संयुग ४८/८० घातलं, तर काही नाही. एकाच पेशीत एक वाट शाबूत आणि दुसरी बंद. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाचन थांबवून पुन्हा वर गेले होते. इतकी वर्षं एकाच नावाखाली नांदणाऱ्या दोन गोष्टी कुणीतरी चाकूने कापाव्यात तशा वेगळ्या झाल्या होत्या.

मग पंजाची परीक्षा. उंदराच्या रक्तात एव्हान्स ब्लू नावाचा निळा रंग सोडतात. तो रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून वाहिनीतच राहतो. पंज्यात पदार्थ टोचल्यावर वाहिन्या गळू लागल्या तर पंजा निळा पडतो आणि सुजतो. साध्या उंदराचा पंजा ४८/८० ने निळा पडला आणि फुगला. चार अक्षरं गळालेल्या उंदराच्या पंज्यात तसं घडलं नाही.

इथपर्यंत जुन्या रसायनाचं झालं. मग औषधांची पाळी आली. भूल देताना वापरतात ती अ‍ॅट्राक्युरिअम, मिव्हाक्युरिअम आणि ट्यूबोक्युरारिन; सूज उतरवण्यासाठी टोचायचं, पण टोचल्या जागी हमखास लाली आणणारं इकॅटिबंट; आणि प्रतिजैविकांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन. कामं इतकी निरनिराळी, की एका फडताळात कुणी ठेवणार नाही. पण यांच्या रेणूंत नायट्रोजन असलेल्या, एकमेकींशी नातं सांगणाऱ्या कड्या आहेत, आणि धनभार आहे. ही सगळी बी२ ला जागं करतात, माणसाच्या एक्स२ लाही करतात. शेवटी शिरेवाटे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि थर्मामीटर. साधा उंदीर गार पडला, दुसरा तगला.

मानवी पेशींवरही उलट तपासणी झाली. माणसाच्या मास्ट पेशींच्या एका वाणात एक्स२ दाबून टाकलं की याच औषधांनी होणारं कणिका फुटणं कमी झालं.

यानंतर, २०१६ मध्ये, वेगळ्या चमूने दाखवलं की दोन वाटांनी फुटणारी मास्ट पेशी दिसायलाही वेगळी वागते. आयजीईच्या वाटेने ती कणिका एकमेकींत मिसळून मोठाले, वेडेवाकडे गोळे बाहेर टाकते आणि त्याला वेळ लागतो. एक्स२ च्या वाटेने छोट्या, गोल, सुट्या कणिका झटपट बाहेर पडतात.

उंदीर माणूस नव्हे

कौतुक केलं, आता हिशेबही मांडायला हवा. बी२ आणि एक्स२ यांचा अमिनो आम्लांचा क्रम जेमतेम निम्म्याच्या आसपास जुळतो. काम तेच, पण कुलूप तंतोतंत तेच नाही. बऱ्याच औषधांना उंदराचा ग्राही जागवायला मानवी ग्राहीपेक्षा जास्त मात्रा लागते. भूल देताना स्नायू सैल करणाऱ्या रोक्युरोनिअमचं मात्र उलटं आहे. ते उंदराच्या बी२ ला सहज जागवतं आणि माणसाच्या एक्स२ ला मोठ्या मुश्किलीने. त्यामुळे नवं औषध उंदरात निर्धोक ठरलं म्हणून माणसात ठरेल असं नाही, आणि उंदरात बाधलं म्हणून माणसात बाधेल असंही नाही. हे वाक्य प्राणीप्रयोगांबद्दल मोघमपणे नेहमी म्हटलं जातं. इथे ते एका ग्राहीपुरतं, एकेका औषधापुरतं मोजून सांगता येतं. यावर तोडगा म्हणून उंदराच्या अंगात मानवी मास्ट पेशी वाढवून त्यावर प्रयोग करण्याची वाटही पुढे आली.

२०२१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एक्स२ ची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली, तेव्हा हा ग्राही इतक्या निरनिराळ्या पदार्थांना दाद का देतो तेही कळलं. औषध बसण्याची त्याची खाच उथळ आणि उघडी आहे, आणि तिच्यात ऋणभाराचे दोन खांब आहेत, १६४ व्या जागेचं ग्लुटामिक आम्ल आणि १८४ व्या जागेचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल. धनभारित रेणू तिकडे ओढला जातो.

आता माणसामाणसातल्या फरकाकडे. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आलेल्या कामात, लोकसंख्येत निसर्गतः आढळणारे एक्स२ चे काही बदल पेशींमध्ये घालून पाहिले. त्यांतल्या ४ बदलांनी ग्राही इकॅटिबंटला आणि सबस्टन्स पी या चेतारसायनाला दाद देईना. त्यांतला एक बदल नेमका त्या १८४ व्या जागेचा. म्हणजे ज्यांचं दार जन्मतःच नादुरुस्त आहे अशी माणसं आपल्यात असणार. उलट, २०१४ च्या एका अभ्यासात जुनाट, तीव्र पित्त उठणाऱ्या रुग्णांच्या त्वचेतल्या मास्ट पेशींवर एक्स२ वाढलेलं दिसलं. अशांना तीच मात्रा जास्त बाधत असेल हा तर्क योग्य आहे. पण जनुकाची चाचणी करून ‘तुम्हाला सिप्रो बाधेल’ असं सांगण्याइतकं ज्ञान यातून हाती आलेलं नाही, आणि तसं सांगणाऱ्या कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

हे जनुक ठेवलंच का?

विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवा. औषधांनी बिथरावं म्हणून तर हे दार बनलं नाही. २०१९ मध्ये हॉपकिन्सच्याच चमूने दाखवलं की जिवाणू आपसात संख्या मोजण्यासाठी जे छोटे पेप्टाइड सोडतात, त्यांतला एक बी२ ला कळतो. जिवाणूंची कुजबूज मास्ट पेशी ऐकते आणि त्यांच्यावर चालून जाते. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातून आलेल्या कामात त्वचेतल्या संसर्गावर या ग्राहीला मुद्दाम जागवणारा पदार्थ वापरला, तर उंदरांच्या जखमेतले जिवाणू लवकर हटले. जिवाणू मारायला दिलेलं सिप्रोसारखं औषध, जिवाणू ओळखायला ठेवलेल्या पहारेकऱ्यालाच ढोसतं, असा हा प्रकार आहे. म्हणून एक्स२ अडवणारी औषधं शोधणाऱ्यांना त्वचेच्या संसर्गाकडे डोळ्यात तेल घालून पाहावं लागेल.

आपल्या दवाखान्यात

आपल्याकडे प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी हातावर बारीक सुई टोचून पाहण्याची पद्धत आहे. लोक त्याला टेस्ट डोस म्हणतात. पेनिसिलिनच्या कुळासाठी, योग्य पदार्थ आणि योग्य प्रमाण घेऊन, जाणकाराने केलेल्या चाचणीला अर्थ आहे. क्विनोलोनच्या बाबतीत मात्र ही चाचणी फसवते. पुरेसं सौम्य न केलेलं औषध त्वचेत टोचलं की ते मास्ट पेशींवरचं एक्स२ थेट जागवू शकतं आणि निरोगी माणसाच्या हातावरही गांधी उठते. गांधी उठली म्हणजे आयजीई आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही. बाल्टिमोरच्या उंदरांनी या जुन्या गोंधळाला शरीरशास्त्रीय कारण दिलं.

वेगाचंही तसंच. आयजीईच्या वाटेला औषधाचा कणही पुरतो. ग्राहीच्या वाटेला रक्तात पुरेशी मात्रा एकदम साठावी लागते. म्हणून शिरेवाटे द्यायचं सिप्रोफ्लॉक्सासिन तासाभरात सोडा ही सूचना महत्त्वाची. बाटलीची कळ पूर्ण उघडून ते पंधरा मिनिटांत संपवणं म्हणजे दारावर धक्के मारणं.

आणि शिक्का मारताना विचार हवा. बहु-औषधरोधक क्षयावरच्या उपचारांत लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही बिनीची औषधं आहेत. भारताने २०२४ मध्ये मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमातल्या चार औषधांपैकी एक मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. एखाद्या रुग्णाच्या कागदावर ‘क्विनोलोन अ‍ॅलर्जी’ असं लिहिलं, की हे सगळं कुळ त्याच्यापासून दूर जातं. कधी तसं करणं भाग असतं. ग्राहीच्या वाटेने आलेली प्रतिक्रियाही जीव घेऊ शकते. ती ‘खोटी अ‍ॅलर्जी’ नव्हे, आणि कुणीही घरी ‘पुन्हा एक गोळी घेऊन बघतो’ म्हणू नये. पण कोणत्या वाटेने आली याचा मागमूस तरी कागदावर राहायला हवा. प्रतिक्रियेनंतर एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी (मास्ट पेशी फुटल्यावर रक्तात येणाऱ्या विकरासाठी) रक्त घेणं आणि चोवीस तास उलटल्यावर पुन्हा घेऊन ताडून पाहणं, एवढं बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत शक्य आहे.

माझ्या मावशीच्या फाइलवर लाल शाईत दोन शब्द होते, ‘सिप्रो अ‍ॅलर्जी’. काही वर्षांनी तिला मूत्रमार्गाचा चिवट संसर्ग झाला आणि अहवालात उपयोगी पडणाऱ्या मोजक्या औषधांत क्विनोलोन होतं. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. त्यांच्या जागी मीही तेच दिलं असतं, कारण ठरवायला हातात काहीच नव्हतं. मी जुने कागद उलटेपालटे केले. पहिल्यांदा सिप्रो दिलं तेव्हा बाटली किती वाजता लावली, पहिली गांधी किती वाजता दिसली, तोवर किती मिलिलिटर आत गेलं होतं, त्याआधी तिने याच कुळातलं काही घेतलं होतं का. एकाही प्रश्नाचं उत्तर त्या फाइलमध्ये नव्हतं. आता माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत प्रतिक्रियेच्या नोंदीचा नमुना आहे, आणि त्यात या चार रकान्यांनंतरच निदानाची ओळ येते.